टिचकी मारून घ्यावी!

ठाकुर्लीची आमची जुनी चाळ पाडावयाची ठरली, तेव्हा सामान कमी करण्याचा मी सपाटा लावला. त्या सपाट्यात सासूबाईंची सट भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेली. सट म्हणजे लोणच्याची चिनी मातीची मोठी बरणी. तोंड तपकिरी, अंग पांढरट. सासूबाई देवळातून परतल्या. रागावल्या नाहीत. बरणीच्या तोंडाला बांधायचा दादरा तेवढा घडी घालून त्यांनी ट्रंकेत ठेवला. ती घडी मला दोन वर्षे टोचत होती.

शेवटी एके सकाळी धीम्या लोकलने सँडहर्स्ट रोड गाठले आणि भेंडी बाजार ओलांडून मटण स्ट्रीटवर गेले. मुंबईचा चोरबाजार तो हाच! तुम्हाला जुन्या वस्तूंच्या दुकानांत शिरावयाचे असेल, तर शुक्रवार टाळा. त्या दिवशी ती बंद असतात.

खरे सांगते, तिथे गेल्यावर मी घटकाभर बरणी विसरले. एका वृद्ध दुकानदार चाचांनी पहिला धडा दिला, "बाई, बशी आधी पालथी करून पाहावी." पाहिली, तो पाठीवर शिक्का, ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’. महायुद्धात हरलेला जपान दोस्तांच्या ताब्यात होता. १९४७ ते १९५२ या काळात तिथून परदेशी जाणाऱ्या मालावर ही अक्षरे उमटत. एवढीशी बशी, पण एका राष्ट्राचा पराभव पाठीवर घेऊन बसलेली!

आपली मुंबईही यात मागे नव्हती. १८७०च्या दशकात जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली रंगीत झिलईची भांडी घडू लागली. त्यांतल्या काहींवर अजिंठ्याची चित्रेही उतरली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने अशी भांडी जपून ठेवली आहेत.

आणि आम्ही? आम्ही घरची सट हातगाडीवर चढवली!

तेवढ्यात कोपऱ्यात, एका मोडक्या ग्रामोफोनमागे, ती दिसली. तेच तपकिरी तोंड! धूळ पुसून टिचकी मारली. तडा गेलेले भांडे बद्द वाजते. ही खणखणीत बोलली. अशी बरणी बाराशे अंशांच्या आसपास भाजतात. त्या आचेत माती इतकी घट्ट होते, की मीठ, तेल, आंबट काहीच तिच्यात शिरत नाही. पितळेत लोणचे कळकते, इथे वर्षभर मुरते. आपल्या आज्यांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

घासाघीस फारशी केली नाही. लोकलमध्ये बरणी मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने विचारले, "लोणच्याची का?" मग ठाकुर्लीपर्यंत लोणच्याखेरीज दुसरा विषय निघाला नाही.

सासूबाईंनी बरणी चहूबाजूंनी फिरवून पाहिली. "ही आपली नव्हे," त्या म्हणाल्या. माझा जीव खाली बसला. मग त्यांनीही एक टिचकी मारली, कान देऊन ऐकले, आणि ट्रंक उघडली. दादरा बांधला. तोंड थोडे मोठे होते, दोरा पुरेना; त्यांनी दुसरा जोडला.

"कैऱ्यांना अजून अवकाश आहे," गाठ मारीत त्या म्हणाल्या, "उद्या लिंबे घेऊन ये. चांगली पन्नास आण!"