आराखडा नसलेली गुराब

१२ फेब्रुवारी १७५६. विजयदुर्गाच्या खाडीत मराठा सरदार तुळाजी आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांशी बांधून उभे होते. समोर ॲडमिरल वॉटसनची इंग्रज जहाजे होती आणि जमिनीवर पेशव्यांची फौज; नानासाहेब पेशव्यांनी आंग्र्यांचा बंदोबस्त करायला इंग्रजांशी करार केला होता. दुपारनंतर एक तोफगोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे जहाज आंग्र्यांनी काही वर्षांपूर्वी इंग्रज कंपनीकडूनच पकडले होते. त्याने पेट घेतला, आग शेजारच्या गुराबेवर, म्हणजे लढाऊ जहाजावर, गेली, तिथून पुढच्या, आणि अंधार पडेपर्यंत सारे आरमार जळत होते. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

मराठ्यांच्या लढाऊ जहाजाचे लाकडी मॉडेल बनवू पाहणाऱ्याचे काम या आगीपासून सुरू होते. त्या आरमारातली एकही गुराब आज उभी नाही आणि मोजमापांसह काढलेला एकही आराखडा हाताशी नाही. जहाजे बांधणाऱ्यांचे ज्ञान हातात आणि नजरेत होते, कागदावर नव्हते. आपल्याकडे या आरमारावर अभिमानाने पुष्कळ बोलले जाते, चित्रेही खूप काढली जातात. पण चित्राला एकच बाजू असते. चित्रकार धूर, लाटा आणि शिडे रंगवून जहाजाचा मागचा भाग झाकून टाकू शकतो. मॉडेलला चारही बाजू असाव्या लागतात, तळही असावा लागतो. इतिहासात जिथे माहितीची जागा रिकामी आहे, तिथे मॉडेल करणाऱ्याला लाकूड कापावेच लागते. म्हणून गुराबेचे मॉडेल करणे हे मला शोभेच्या कामापेक्षा संशोधनाचे काम वाटते.

आराखडा हाती असला की काय होते, याचे उत्तम उदाहरण मुंबईचेच आहे. वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत ब्रिटिश नौदलासाठी सागवानी युद्धनौका बांधल्या. त्यातली ‘ट्रिंकोमली’ ही फ्रिगेट जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली तयार झाली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिच्या नकाशांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. नकाशांची पहिली प्रत ‘जावा’ या जहाजातून भारताकडे निघाली होती. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला गाठले, हरवले आणि नकाशे गेले. मग दुसरी प्रत पाठवावी लागली आणि मुंबईचे काम तोवर अडून राहिले. जहाज मात्र टिकले. आज ते इंग्लंडमधल्या हार्टलपूलला डागडुजी करून जपलेले आहे, मुंबईत बसवलेल्या सागवानासह. तिचे मॉडेल करणाऱ्याला शंका आली तर नकाशा उघडता येतो, आणि नकाशानेही भागले नाही तर खऱ्या डेकवर जाऊन दोन तुळयांमधले अंतर फुटपट्टीने मोजता येते.

गुराबेसाठी यातले काहीच नाही. आहेत ती वर्णने. सर्वांत कामाचे वर्णन रॉबर्ट ओर्म या कंपनीच्या इतिहासकाराचे आहे, १७६३ मध्ये छापलेले. तो शत्रुपक्षाचा लेखक; आंग्र्यांना तो चाचेच म्हणतो. पण जहाजाकडे त्याने नीट पाहिले आहे, किंवा नीट पाहिलेल्या माणसाला विचारले आहे. बहुतेक गुराबांना दोन डोलकाठ्या, काहींना तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोनची फार तर १५० टनांची. पाण्यात फार थोडी बुडेल अशी बांधणी. लांबीच्या मानाने खूप रुंद, मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली. आणि पुढे नेहमीच्या जहाजासारखा गोलसर, उंच भाग नाही; त्याऐवजी भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब पुढे आलेली चोच.

या वर्णनात लांबी नाही, रुंदीही नाही. तरी टन आहेत, आणि टनांवरून मागे जाता येते. त्या काळच्या इंग्रज गोदीत जहाजाचे टन काढण्याचा एक हिशेब होता: लांबीतून रुंदीचे तीनपंचमांश वजा करायचे, त्याला रुंदीने आणि पुन्हा अर्ध्या रुंदीने गुणायचे, आणि ९४ ने भागायचे. ३०० टन धरून हा हिशेब उलटा केला, तर २६ फूट रुंदीला लांबी ९९ फूट येते आणि ३० फूट रुंदीला ८१ फूट. ही दोन अगदी वेगळी जहाजे आहेत. १:४८ प्रमाणात एकाचे मॉडेल जवळजवळ २५ इंच लांब होईल, दुसऱ्याचे २० इंचांपेक्षा थोडेच मोठे. ओर्म रुंदीवर जोर देतो, म्हणून मी दुसऱ्याच्या बाजूने कौल देईन. अर्थात त्याचे टन याच हिशेबाचे होते की अंदाजाचे, हा प्रश्न राहतोच. पण इथे निदान अंदाजाला आधार मिळतो, आणि कुणी आक्षेप घेतला तर आकडे समोर ठेवून बोलता येते.

खरी गंमत चोचीत आहे. समोरून येणाऱ्या लाटेवर अशी चोच जहाजाला जोरात खाली-वर आपटवते. त्यावर बांधणाऱ्यांनी काढलेला उपाय ओर्म सांगतो: चोचीच्या डेकला बाजूच्या भिंती ठेवल्याच नाहीत. लाट वर चढली तर अडणार नाही, दोन्ही बाजूंनी वाहून जाईल. मुख्य डेक आणि चोच यांच्यामध्ये एक मजबूत आडवी भिंत, आणि त्या भिंतीत पुढे तोंड केलेली दोन छिद्रे. त्यातून ९ किंवा १२ पौंडी गोळ्याच्या दोन तोफा चोचीवरून थेट समोर मारा करीत. बाजूच्या तोफा ६ ते ९ पौंडांच्या.

अवजड तोफा पुढे का, हे आंग्र्यांच्या लढण्याच्या रीतीवरून कळते. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते, म्हणजे वल्ह्यांवरही चालणारी लहान जहाजे, मिळून शिकारीवर निघत. वारा पडला असला तर गलबते वल्ही मारीत गुराबांना ओढून नेत. मोठ्या जहाजाच्या तोफा बाजूंना असतात आणि पिछाडी उघडी. गुराबा त्या पिछाडीला जमत आणि चोचीवरच्या तोफांनी आधी डोलकाठ्यांवर नेम धरीत. डोलकाठी पडली की जहाज हलत नाही. मग जवळ जाऊन चहूबाजूंनी मारा, आणि तरी शरण येत नसेल तर गलबतांतून तलवारी घेतलेली माणसे चढत. हे वाचल्यावर चोचीवरची ती उघडी, भिंत नसलेली फळी मॉडेलमध्ये कशी दिसली पाहिजे याची जाणीव होते. बाजारात मिळणाऱ्या ‘मराठा जहाजां’च्या कित्येक शोभेच्या वस्तूंत पुढचा भाग युरोपी जहाजासारखा उंच आणि फुगीर केलेला असतो. डोलकाठीवर भगवा लावला की काम झाले असे समजले जाते. मला ते फार खुपते, कारण त्यात नेमकी आपल्या सुतारांची बुद्धी पुसली जाते.

मराठी बाजूचा पुरावा म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’. त्यातल्या आरमाराच्या प्रकरणात मोजमापे नाहीत, पण धोरण स्पष्ट आहे. गुराबा मध्यम आकाराच्या असाव्यात, फार थोर नकोत आणि लहानही नकोत. वाऱ्याशिवाय जी जहाजे निरुपयोगी ठरतात ती करूच नयेत. पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक सुभा करावा. लाकडाविषयी तर त्यात फार जिव्हाळ्याने लिहिले आहे. सागवान राज्यातल्या अरण्यातून तोडावे, कमी पडेल ते बाहेरून विकत आणावे, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे माणसाने लेकरासारखी वाढवलेली असतात. ‘मध्यम’ या एका शब्दाचा मॉडेल करणाऱ्याला मोठा आधार आहे. ९९ फुटी लांबट जहाजापेक्षा ८१ फुटी रुंद जहाजाकडे झुकण्याचे तेही एक कारण.

आता लाकूड. हे काम समुद्रकाठीच केले पाहिजे असे नाही. रायपूरमध्ये बसून ते कोकणापेक्षा सोपे व्हावे, असे मला वाटते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे छत्तीसगडात आहेत, आणि त्यांच्या घरांत समुद्र फक्त बखरींतून आणि कादंबऱ्यांतून आला. पण फाफाडीह आणि भनपुरीच्या लाकडाच्या वखारींत समुद्रकाठच्या कारागिराला हेवा वाटावा असा माल येतो. इथे एक विचित्र गोष्ट लक्षात ठेवावी लागते. खरी गुराब सागवानाची असली तरी मॉडेलला सागवान शोभत नाही. त्याची छिद्रे मोठी, रेषा ठळक. १:४८ प्रमाणात प्रत्येक छिद्र ४८ पट मोठे झाल्यासारखे दिसते आणि फळी खोटी वाटते. युरोपात यासाठी बॉक्सवुड आणि पेअरचे लाकूड वापरतात. त्यांच्या जोडीला बसेल असे आपले लाकूड म्हणजे हळदू: पिवळसर, एकसारख्या बारीक पोताचे, धारदार कडा टिकवणारे. कोरीवकाम आणि खरादकामासाठी ते पूर्वीपासून वापरात आहे. आतल्या आधारासाठी शिवण चांगले. छत्तीसगडी माणूस त्याला खम्हार म्हणतो. ते हलके असते आणि सुकल्यावर फारसे वाकत नाही.

बांधणीची सुरुवात पठाणापासून होते. पठाण म्हणजे जहाजाचा तळाचा कणा. त्याच्या पुढच्या टोकाला नाळ चढते, आणि दोन्ही बाजूंना वांक, म्हणजे जहाजाच्या बरगड्या. मोठ्या जहाजाच्या मॉडेलमध्ये बहुतेक जण बरगड्यांऐवजी प्लायवुडचे आडवे छेद उभे करतात आणि त्यावर पट्ट्या चिकटवतात. त्याने वेळ वाचतो. पण गुराबेच्या बाबतीत मला हा मार्ग पटत नाही. छेद कापायला आधीच पूर्ण आराखडा लागतो आणि तोच इथे नाही. खऱ्या वांकांनी बांधत गेले, तर लवचीक पट्टी बरगड्यांवर वाकवून पाहता येते. पट्टी कुठे उचलली जाते, कुठे दबते, हे बोटांना कळते, आणि त्याप्रमाणे वांक तासता येतो. किनाऱ्यावरचे सुतारही आकार असाच नजरेने आणि पट्टीने ठरवीत आले. इथे पद्धत म्हणजेच पुरावा.

फळ्यांच्या जोडांचेही तसेच. पश्चिम किनाऱ्यावरच्या चांगल्या जहाजांत फळीच्या कडेला खाच पाडून दुसरी फळी त्यात बसवीत आणि मध्ये कापूस व राळ भरीत. युरोपी प्रवाशांनी या जोडाची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. मॉडेलवर तो जोड बाहेरून दिसत नाही. तरी जहाजाच्या एका बाजूच्या थोड्या फळ्या न बसवता सोडल्या, तर आतले वांक आणि कापलेल्या कडेवरची खाच दोन्ही पाहता येतात. सतराव्या शतकापासून इंग्रज नौदलासाठी बनलेल्या मॉडेलांत तळाच्या फळ्या अशाच न बसवता सोडीत. फळ्या ठोकायला लाकडी मेख लागते, आणि त्यासाठी बांबू सर्वांत उत्तम. धातूच्या पट्टीतल्या लहान-लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून बांबूची काडी ओढत गेले की अर्ध्या मिलिमीटरची गोल, चिवट मेख निघते. बस्तरच्या बांबूचा तुकडा याला पुष्कळ झाला.

डोलकाठ्या आणि दोर मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण इथे पुरावा सर्वांत पातळ आहे. विजयदुर्गाच्या पाडावाचे डॉमिनिक सेरेसने काढलेले चित्र घटनेनंतर पंधरा वर्षांनी रंगवलेले आहे आणि त्यात आंग्र्यांची जहाजे बहुतांशी ज्वाळांत आहेत. गलबताविषयी ओर्म अधिक नेमका आहे: सत्तर टनांपर्यंतचा आकार, दोन डोलकाठ्या, पैकी मागची किरकोळ, मुख्य काठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, चाळीस-पन्नास वल्ही, आणि बहुतेकांचा डेक चिरलेल्या बांबूचा, हलका राहावा म्हणून. तेव्हा गुराबेशेजारी त्याच प्रमाणातले एक गलबत ठेवावे. दोघांमधला दोर ताणलेला, गलबताची वल्ही पाण्यात, गुराबेची शिडे गुंडाळलेली. वारा पडलेल्या दिवसाची ही मांडणी आंग्र्यांची लढण्याची रीत दाखवते, आणि ज्या शिडांची आपल्याला खात्री नाही ती उभारण्याचा आग्रहही उरत नाही.

प्रदर्शनातल्या पाटीवर मात्र सगळे लिहावे. चोच, आडवी भिंत, पुढच्या दोन तोफा, डोलकाठ्यांची संख्या आणि गलबताचा बांबूचा डेक ओर्मच्या वर्णनावरून. लांबी-रुंदी टनांच्या हिशेबावरून काढलेली. पिछाडीचा आकार, सुकाणू आणि दोरांची रचना पुढच्या काळातल्या कोकणी जहाजांवरून अंदाजाने. अंदाजाचे भाग शिवणीचे करावेत आणि पुराव्याचे हळदूचे, म्हणजे पाटी न वाचणाऱ्यालाही दोन रंगांचे लाकूड दिसेल आणि तो विचारेल.