बिडाच्या तव्याची निगा

तांब्यापितळेचें भांडें जितकें घांसावें तितकें उजळतें, आणि त्याच्या लखलखाटावरून घरची टापटीप ओळखावी, अशी आपल्याकडील जुनी रीत आहे. बिडाच्या तव्याला मात्र हा न्याय उलटा लागू पडतो. त्याचा काळा रंग हा मळ नसून वर्षानुवर्षांच्या वापरानें चढलेलें कवच होय. चिंच आणि राख लावून तो उजळ करूं जाणारी नवी सून सासूबाईंची तीस वर्षांची पुंजी एका सकाळीं धुऊन टाकते. दुसऱ्या दिवशीं घावन तव्याला चिकटून बसतें, आठवड्यांत गंज चढतो, आणि अखेर ‘तवा बिघडला’ म्हणून तो मोडीवाल्याच्या तराजूंत जाऊन पडतो. वस्तुतः तवा बिघडलेला नसतो. तो केवळ उघडा पडलेला असतो.

बीड म्हणजे काय, हें समजण्यास पनवेलचें उदाहरण सोयीचें आहे. खाडीकांठचें हें गांव एके काळीं बैलगाडीच्या चाकांबद्दल प्रसिद्ध होतें. लांकडी चाकावर बसवावयाची लोखंडी धांव लोहार विस्तवांत लाल करी, चाकावर चढवी आणि वर पाणी ओती. धांव आकसून चाकाला घट्ट आवळून बसे. हें घडीव लोखंड. त्यांत कर्ब अत्यल्प असल्यामुळें तें घणाचे घाव सोसतें. बिडांत कर्बाचें प्रमाण शेंकडा २ हून अधिक, बहुधा ३ ते ४ असतें. शुद्ध लोखंड वितळण्यास १५३८ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. बीड ११५० ते १२०० अंशांच्या सुमारासच पातळ होतें आणि वाळूच्या साच्यांत ओततां येतें. परंतु कर्बाचे बारीक पापुद्रे अंगांत विखुरलेले राहिल्यानें तें ठिसूळहि होतें. म्हणून लोहार तापलेल्या धांवेवर जें बिनदिक्कत करी, तें बिडाच्या तव्यावर कधींहि करूं नये. तापल्या तव्यावर गार पाणी पडलें कीं तो तडकतो, आणि तडकलेला तवा घरच्या घरीं सांधतां येत नाहीं.

आतां कवचाविषयीं. कांहीं तेलें तापविलीं असतां हवेंतील प्राणवायूच्या योगानें त्यांचे कण एकमेकांत गुंफले जातात आणि तेलाचा कठीण, काळसर पापुद्रा बनतो. जवसाचें व करडईचें तेल रंगांत आणि वार्निशांत घालतात तें ह्याच गुणामुळें. खोबरेलांत हा गुण फारच थोडा आहे. कोंकणांत तें हाताशीं असतें खरें. परंतु त्याचें कवच नीट धरत नाहीं. जवसाचें कवच सर्वांत कठीण होतें, पण तें कधीं कधीं खपल्या होऊन सुटतें. ह्या कामीं करडईचें तेल उत्तम.

नवा तवा कढत पाण्यानें धुवावा आणि विस्तवावर पूर्ण कोरडा करावा. कोमट असतां फडक्यानें सर्वांगाला, पाठीलासुद्धां, तेल चोळावें आणि मग जणूं चुकून लागलें अशा समजुतीनें तें पुसून काढावें. पुष्कळजण चुकतात तें येथेंच. जाड थर कठीण न होतां चिकट राहतो. नंतर खिडक्या उघड्या ठेवून, धूर येऊन थांबेपर्यंत तवा तापवावा व आपोआप निवूं द्यावा. असें तीन-चार वेळां केलें म्हणजे पाया झाला. उरलेलें काम रोजची घावनें आणि आंबोळ्या करतात. अर्धा कांदा किंवा वांग्याचा देठ तेलांत बुडवून तव्यावर फिरविण्याची जुनी चाल म्हणजे दररोज चढविलेला एकेक थरच होय.

स्वयंपाक आटोपल्यावर तवा निवूं द्यावा, कोमट पाण्यानें आणि नारळाच्या शेंडीनें धुवावा, पुन्हा विस्तवावर ठेवून वाळवावा आणि तेलाचा बोळा फिरवावा. थोड्या साबणानें पक्कें कवच जात नाहीं. मात्र धुण्याच्या सोड्यांत उकळल्यास तें उतरतें. आमसुलाचें सार, चिंचेची आमटी अशीं आंबट कालवणें बिडांत शिजवूं नयेत. आंबटामुळें कवच विरतें आणि पदार्थ काळवंडतो. पनवेलीस वर्षाकाठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, खाडीची खारट हवा निराळीच. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले कीं गंज धरतो, आणि मिठानें तो बळावतो. म्हणून पावसाळ्यांत ओला तवा एक रात्रहि मोरीवर राहूं देऊं नये.

इतकें करूनहि गंज चढलाच, तर घाबरण्याचें कारण नाहीं. तवा टांगून टिचकी मारावी. खणखणीत नाद आला तर तो शाबूत आहे. बद्द आवाज आला तर कोठें तरी तडा गेला आहे असें समजावें. शाबूत तव्याचा गंज विटेच्या भुग्यानें किंवा तारेच्या घांसणीनें धातु दिसेपर्यंत काढावा, तवा धुऊन तत्काळ वाळवावा आणि पहिल्यापासून तेल द्यावें.

सन २०१६ सालीं पनवेलची महानगरपालिका झाली. चुलींच्या जागीं गॅसच्या शेगड्या आल्या, आणि मुलाम्याचे तवे घरोघर गेले. ते तवे मुलामा उडाला कीं टाकून द्यावे लागतात. बिडाच्या तव्याचें कवच मात्र घरच्या तेलानें पुन्हा चढवितां येतें. तेव्हां आजीचा गंजलेला तवा मोडींत घालण्यापूर्वीं त्यास एक टिचकी अवश्य मारून पाहावी.