काळी पाचवी

डोंबिवलीहून फोन आला. गृहस्थांनी एका दमात सगळं सांगून टाकलं, "आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले, परत आले नाहीत. काळ्या पाचवीला वारले. एवढंच माहीत आहे. बाकी काका, तुम्ही शोधा."

मोडी वाचणाऱ्या माणसाला असे फोन नवे नाहीत. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी तहसिलांतली दप्तरं उघडली गेली आणि आमच्यासारख्यांना एकाएकी भाव आला. पण कुणबी दाखल्याच्या फोनमध्ये घाई असते, फॉर्म भरायची शेवटची तारीख असते. शिपायाच्या फोनमध्ये तसलं काही नसतं. शंभर वर्षं थांबलेली माणसं आणखी चार महिने थांबतात. म्हणून ही कामं मी आवडीने घेतो. या घराने नावगाव छापू नका म्हणून बजावलंय, तेव्हा आपण त्यांना शिपाईआजोबा म्हणू.

काळी पाचवी म्हणजे वद्य पंचमी, हे मी धरूनच चाललो. घरच्यांनीही तेच धरलं होतं. दर पितृपक्षात पंचमीला शिपाईआजोबांच्या नावाने पान वाढलं जायचं, कावळ्याला घास जायचा. मग मी काय केलं, तर जुनी पंचांगं काढली, १९१४ ते १९१८ मधल्या सगळ्या वद्य पंचम्यांच्या इंग्रजी तारखा मांडल्या आणि त्या तारखांना पडलेले मराठी शिपाई हुडकत बसलो. पंधरा दिवस गेले. हाती शून्य.

उत्तर मिळालं ते बेळगावला जाणाऱ्या एसटीत. शेजारी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार बसले होते. बोलता बोलता मी हे कोडं त्यांच्यापुढे टाकलं. ते एवढे हसले की कंडक्टरने वळून पाहिलं. "अहो, काळी पाचवी म्हणजे आमची सेकंड बटालियन! तिथी कसली?"

खरंच तसं होतं. रेजिमेंटमध्ये पहिली बटालियन 'जंगी पलटण' आणि दुसरी 'काळी पाचवी'. दुसरी म्हणजे महायुद्धातली १०५वी मराठा लाइट इन्फंट्री. १९०३ साली मुंबई लष्कराच्या पलटणींच्या जुन्या आकड्यांत शंभर मिळवले गेले, तिसरीची १०३वी झाली, पाचवीची १०५वी. कागदावर आकडा बदलला तरी शिपायांच्या तोंडी पाचवी ती पाचवीच राहिली. म्हणजे घरातलं मूळ वाक्य 'काळ्या पाचवीत गेले' असं असणार. पुढच्या कुठल्या तरी पिढीत 'त'चा 'ला' झाला, 'गेले'चा अर्थ पालटला आणि पलटणीची तिथी झाली. मराठी वाचून पोट भरणाऱ्या माणसाला हे सुचू नये, याची लाज अजून वाटते.

पलटण कळली तरी नाव सापडायला वेळ गेलाच. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या यादीत पडलेल्या शिपायाचं नाव, नंबर, पलटण, तारीख आणि पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा मिळतो. पण लिहिणारा साहेब ऐकेल तसं लिहायचा. पवारांचे पोवार, शिंद्यांचे सिंदे. नुसतं नाव घातलं तर एकाच नावाचे दहा निघतात, आडनाव घातलं तर एकही नाही. त्यात माझी आणखी एक चूक. घराचं गाव वाळवा तालुक्यातलं, म्हणून मी सांगली जिल्हा शोधत होतो. १९१७ साली सांगली जिल्हा होताच कुठे? वाळवा तेव्हा साताऱ्यात. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं सांगली झालं. शिपायाचा माग काढताना आजचा नकाशा घडी घालून ठेवावा. रत्नागिरीत सिंधुदुर्ग धरावा, रायगडला कुलाबा म्हणावं.

बसऱ्याच्या स्मारकाचं मात्र घरच्यांना सांगताना जड गेलं. डोंबिवलीकरांचा मुलगा आखातात नोकरीला. त्याच्या मनात होतं की कधी तिथे जाऊन भिंतीवरच्या शिपाईआजोबांच्या नावावरून हात फिरवावा. १९२९ साली उघडलेल्या त्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार नुसते आकडे. अमुक पलटण, इतके. नावं वहीत, भिंतीवर संख्या. आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाची जाहीर कबुली देऊन माफी मागितली. शिवाय ते स्मारक आता मूळ जागीही नाही. १९९७ मध्ये सरकारी हुकमाने ते शत्त-अल-अरबच्या काठावरून उचलून नासिरियाच्या रस्त्याला, वाळवंटात नेलं गेलं.

आता नाव पक्कं करायला पुरावा हवा. युद्धाचं पदक असेल तर काम एका मिनिटाचं, कारण चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं ठोकलेलं असतं. गावच्या घरी विचारलं, तर डोंबिवलीकरांच्या ऐंशी पार केलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "चांदीचं होय? ते दुष्काळात सोनाराकडं गेलं. आमची देवी तेवढी राहिली बघा." देवी कुठली, म्हणून देव्हाऱ्यात डोकावलो. खंडोबाच्या टाकाशेजारी वीतभराहून लहान, जाड, गोल काशाचा पत्रा उभा होता. त्यावर हळदीकुंकवाचा असा थर की बोटाने उकरावा लागेल. त्याखाली उभी बाई दिसत होती, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह.

ती ब्रिटानिया होती. पडलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी सरकारने पाठवलेली १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची तबकडी. तिच्या हातात समुद्राचं त्रिशूळ असतं, शेजारी इंग्लंडचा सिंह. पण त्रिशूळ आणि सिंह म्हटल्यावर वाळव्यातल्या बाईला दुसरं कोण दिसणार? चांदी मोडली गेली, कारण तिला किंमत होती. कासं तरलं ते अंबाबाई म्हणून. आत्याबाईंनी परवानगी देईपर्यंत मी चहा दोनदा घेतला. मग त्यांनीच चिंच आणली आणि स्वतःच घासायला बसल्या. पहिल्यांदा सिंहाची आयाळ वर आली, मग उजव्या बाजूच्या चौकटीत कुंकू भरून बुजलेली इंग्रजी अक्षरं. या तबकडीवर हुद्दा नसतो, नंबर नसतो, नुसतं नाव. पण यादीतल्या एका नोंदीशी ते स्पेलिंगच्या चुकीसकट जुळलं. ९ जानेवारी १९१७. कुतजवळ तैग्रीसच्या खदेरी वळणावरचा हल्ला त्याच दिवशी सुरू झाला होता.

इथवर मजा होती. पुढे वारसांची खात्री करायला तलाठी कार्यालय.

फेरफाराच्या वहीत मोडीत स्पष्ट लिहिलं होतं: खातेदार लढाईत मयत, पोटी पुत्र नाही, बंधूचं नाव 'ए.कु.मॅ.' म्हणून दाखल. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही तीन अक्षरं किती जणांना गिळून बसली आहेत, ते जुने सातबारे वाचणाऱ्यालाच ठाऊक. अर्थ सरळ होता. डोंबिवलीकर ज्यांना पणजोबा म्हणत होते ते त्यांचे पणजोबा नव्हतेच, पणजोबांचे थोरले भाऊ होते.

पण पुत्र नाही म्हणजे कुणीच नाही असं नसतं. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची कोतवालाची वही, तिथेच मागितली. १९१८च्या ऑक्टोबरात पानंच्या पानं एकाच रोगाची, 'ताप', 'ताप', 'ताप'. इन्फ्लुएन्झाची साथ. त्यात एका ओळीवर शिपाईआजोबांची बायको सापडली. तिचं नाव, मग 'कोम', म्हणजे अमक्याची बायको, आणि पुढे शिपाईआजोबांचं नाव. वय बावीस. त्याच्या आधीच्या वहीत एका मुलीचा जन्म नोंदलेला होता, नावाशिवाय. तिच्या मृत्यूची नोंद मात्र कुठल्याच वहीत नव्हती.

गावच्या कागदांवरून ती मुलगी निघून गेली. सापडली नाशिकला. शिपाईआजोबांचे धाकटे बंधू १९२०च्या सिंहस्थात रामकुंडावर गेले होते आणि तिथे आपल्या गावच्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थावरच्या पुरोहितांच्या, वहीत त्यांनी सगळा गोतावळा लिहवून घेतला होता. बंधू बसरे मुक्कामी लढाईत मयत, त्याची कन्या अमुक, आजोळी अमुक गावी. सरकारी दप्तराला लेकीशी देणंघेणं नव्हतं, कारण तिच्या नावावर ना जमीन ना सारा. उपाध्यांना होतं, उद्या तिचीही पोरं पिंड द्यायला येणार.

डोंबिवलीला फोन करून मी उत्साहाने सांगितलं, की शिपाईआजोबांची खरी नातवंडं-पतवंडं कऱ्हाडकडे आहेत. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "काका, ते सातबाऱ्यावर हक्क तर सांगणार नाहीत ना?" मी हे वाक्य इतक्या घरांत ऐकलंय की रागही येत नाही. एकर-गुंठ्याची भीती खरी असते.

त्या लेकीचा नातू कऱ्हाडजवळ भेटला, एसटीतून निवृत्त. आजीचा बाप लढाईत गेला एवढं त्याला माहीत होतं, कुठली लढाई ते नाही. मी त्याला तारीख दिली आणि पंचांग पाहून तिथीही: पौष वद्य प्रतिपदा. पक्ष तेवढा घरच्यांचा बरोबर होता, दिवस चार पुढे. इकडे डोंबिवलीकरांना मी तिथी कळवली, तर आत्याबाईंनी निकाल दिला, "शंभर वर्षं पंचमीला जेवतोय तो. आता मधेच बदललं तर येईल का?" पंचमीच ठरली. हे कऱ्हाडला कळवायचं मी साफ विसरलो.

पितृपक्षाच्या पहिल्याच दिवशी तो नातू सकाळच्या गाडीने गावात उतरला, हातात भोपळ्याची भाजी आणि खिरीचा डबा. घरी आत्याबाई एकट्या, बाकी सगळे चार दिवसांनी येणार. त्यांनी ओळख विचारली, मग डोळे बारीक करून त्याच्या कपाळाकडे पाहत राहिल्या, मग आत जाऊन चूल पेटवली. पंचमीला मी गेलो तेव्हा नातू तिथेच होता, माडीवर त्याची पथारी, आणि कावळा काही केल्या शिवेना म्हणून आत्याबाई त्याला दटावत होत्या, "अरे, परवाच तर जेवलाय तो. जरा दम धर."