पहिला प्रोग्राम आलेखाचा असावा

पायथन शिकवणारी बहुतेक पुस्तके एकाच वाटेने जातात. आधी व्हेरिएबल, मग अटी, लूप, फंक्शन आणि सोबत मूळ संख्या शोधण्याची गणिते. फाइलमधली माहिती वाचून आलेख काढणे अगदी शेवटी येते आणि तोवर अनेकांचा उत्साह ओसरलेला असतो. विज्ञान, शेती किंवा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी हा क्रम उलटा हवा, असे मला ठामपणे वाटते. पायथनमध्ये आलेख काढण्याचे सर्वपरिचित साधन, मॅटप्लॉटलिब, अशाच गरजेतून जन्मले. मेंदूविज्ञानात काम करणाऱ्या जॉन हंटर यांना अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत डोळ्यांनी पाहायचे होते. ते साधन त्यांनी स्वतः लिहिले आणि 2003 मध्ये सर्वांसाठी खुले केले.

सुरुवातीला फाइल कोणती घ्यावी? हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेची घ्यावी. चार्ल्स कीलिंग यांनी मार्च 1958 मध्ये तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. त्या मोजमापांच्या मासिक सरासरींची फाइल स्क्रिप्स संस्थेकडून कोणालाही फुकट मिळते. पांडाज् या संचातल्या एका आज्ञेने ती वाचता येते, दुसरीने तिचा आलेख निघतो. पण पहिला आलेख विचित्र दिसतो. तीनशेच्या वर चाललेली रेषा मध्येच उणे शंभरापर्यंत कोसळते आणि लगेच वर येते. हवेत कुठलाही वायू उणे असूच शकत नाही. फाइलच्या सुरुवातीची टीप वाचली की उलगडा होतो: ज्या महिन्याची नोंद नाही, तिथे -99.99 लिहिलेले आहे. नुसती सरासरी काढली असती तर ती थोडी घसरली असती, पण आकडा दिसायला विश्वासार्हच राहिला असता आणि चूक तशीच पुढे गेली असती. फाइल वाचतानाच ‘-99.99 म्हणजे रिकामी जागा’ असे सांगितले की रेषा ताळ्यावर येते. 1958 मधल्या सुमारे 315 पासून आज 420 च्या वर, दहा लाख रेणूंमागे. 1964 च्या वसंतातला खंडही दिसतो. तेव्हा निधीअभावी मोजणी थांबली होती.

आकडेवारीच्या सूत्रांवर विसंबून आलेख मागे ठेवणाऱ्यांना फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी 1973 मध्येच उत्तर दिले आहे. त्यांनी प्रत्येकी अकरा बिंदूंचे चार संच रचले. चौघांची सरासरी, विचलन, सहसंबंध, अगदी त्यांतून जाणारी सरळ रेषाही जवळपास एकच. आलेखात मात्र एक साधारण सरळ, दुसरा वक्र, तिसऱ्यात एका बिंदूने रेषा ओढून नेलेली आणि चौथ्यात एक बिंदू सोडून बाकी सगळे एकाच उभ्या रेषेवर.

हे सगळे एक्सेलमध्ये होतेच की, असा आक्षेप येतो. होते, आणि छोट्या कामाला ते पुरेसेही आहे. पण तिथे कोणता आकडा कधी बदलला याचा माग सहज राहत नाही. ‘मार्च1’सारखी जनुकांची नावे एक्सेल परस्पर तारखा करून टाकत असे. त्यामुळे संशोधन निबंधांत इतक्या चुका शिरल्या की 2020 मध्ये नामकरण समितीला जनुकांचीच नावे बदलावी लागली. प्रोग्राममध्ये मूळ फाइल तशीच राहते आणि प्रत्येक बदल लेखी असतो. आता कृत्रिम बुद्धिमत्ताच कोड लिहून देते, हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोड मिळेल, चांगलाही मिळेल. पण उणे शंभर पाहून थबकायचे की पुढे जायचे, हे ज्याला त्या मोजमापाचा अर्थ ठाऊक आहे त्यालाच ठरवावे लागते. चार ओळी स्वतः लिहिलेल्या माणसाला दुसऱ्याच्या चाळीस ओळी तपासता येतात.

मूलभूत गोष्टी कच्च्या राहतील, ही शिक्षकांची भीती मात्र मला अनाठायी वाटते. मौना लोआच्या रेषेवर दरवर्षी एक लाट दिसते: मे महिन्यात शिखर, मग उत्तर गोलार्धातली झाडे वायू शोषून घेतात तशी सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उतरण. ही लाट सगळीकडे सारखीच असते का, हा प्रश्न लगेच सुचतो. दक्षिण ध्रुवाची फाइल काढली तर ती लाट अगदी लहान आणि उलट्या ऋतूतली, अलास्कातल्या बॅरोची काढली तर कितीतरी मोठी. तिसऱ्या फाइलसाठी त्याच ओळी पुन्हा लिहायचा कंटाळा येतो, आणि फॉर लूप शिकण्याची वेळ तीच असते.