घरचा तीन डोक्यांचा राखणदार

घरात तीन कॉम्प्युटर असले, की ताईची फाइल एकावर, दादाची दुसऱ्यावर! पासवर्डही निरनिराळे. उपाय सोपा आहे. एका कॉम्प्युटरला घरचा कारभारी करा. 'सांबा' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्याच्यावर टाका. सगळ्यांची नावं आणि फायली तिथंच. मग कुठंही बसा, पासवर्ड एकच!

पण तो वाटेत कुणी चोरला तर? छे! इथं पहारा असतो 'कर्बेरॉस'चा. एमआयटी या अमेरिकन संस्थेत १९८०च्या दशकात तयार झालेली ही पद्धत. नाव मात्र ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचं! ती पासवर्ड तारेतून पाठवतच नाही, मुदतीचं तिकीट देते. म्हणून सगळ्या कॉम्प्युटरची घड्याळं जुळायला हवीत. सहसा ५ मिनिटांचाच फरक चालतो.

आणि हो, कारभारीच बिघडला, तर सगळं घर अडेल! तेव्हा फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवाच.