व्होल्टेज, धारा आणि ओहमचा नियम

तारेतून किती वीज वाहील, हे केवळ पुरवठ्यावर ठरत नाही. पुरवठ्याचे व्होल्टेज आणि मार्गातील पदार्थाचा रोध या दोहोंच्या प्रमाणावर ते अवलंबून असते. व्होल्टेज म्हणजे विभवांतर, अर्थात एकक प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना होणारे कार्य. तर धारा म्हणजे तारेच्या छेदातून दर सेकंदाला पुढे सरकणारा प्रभार; ती ॲम्पिअरमध्ये मोजतात. ‘तारेतून 230 व्होल्ट वाहतात’ असे सर्रास बोलले जाते. पण वाहते ती धारा, व्होल्टेज नेहमी दोन बिंदूंच्या दरम्यान असते.

या दोहोंचे नाते जर्मनीतील कोलोन येथे शाळेत शिकवणाऱ्या गेऑर्ग ओहम यांनी 1826 मध्ये प्रयोगाने निश्चित केले आणि पुढच्या वर्षी ग्रंथरूपाने मांडले. त्या काळचे रासायनिक घट वापरता वापरताच मंदावत, त्यामुळे मोजमापे जुळत नसत. म्हणून ओहम यांनी बिस्मथ व तांबे यांचा जोड घेऊन त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे बर्फात ठेवले आणि तापमानातील या फरकातून स्थिर विभवांतर मिळवले. मग सारख्या जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्यांनी धारा मोजली, तेव्हा तारेची लांबी वाढत जाईल तशी ती ठरावीक नियमाने घटत असल्याचे दिसले. स्थिर स्रोत शोधण्याची ही चिकाटी, त्यांच्या गणिताइतकीच, या शोधाचे खरे श्रेय आहे. मायदेशी आरंभी त्यांची उपेक्षा झाली; लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 मध्ये त्यांना कोप्ली पदक दिले.

तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असताना वाहकातील धारा विभवांतराच्या समप्रमाणात असते, हा तो नियम होय. व्होल्टेजला धारेने भागले की रोध मिळतो आणि तो ओहम या एककात सांगतात. 230 व्होल्टवर चालणारी 1000 वॅटची शेगडी सुमारे 4.3 ॲम्पिअर धारा घेते, म्हणजे तिच्या तारेचा रोध सुमारे 53 ओहम असतो. व्होल्टेज 180 पर्यंत घसरल्यास धारा 3.4 ॲम्पिअरवर येते आणि शक्ती ही दोहोंचा गुणाकार असल्याने ती जवळपास 610 वॅटच उरते. म्हणूनच कमी दाबाच्या विजेवर पाणी तापायला इतका वेळ लागतो.

नियमातील तापमानाची अट महत्त्वाची आहे. जुन्या पिवळ्या बल्बमधील टंगस्टनच्या तारेचा रोध तापल्यावर दहापटीहून अधिक होतो, त्यामुळे बटण दाबल्याच्या क्षणी धारेचा लोंढा येतो आणि असे बल्ब बहुधा त्याच क्षणी जातात. एलईडीमध्ये तर हे समप्रमाण मुळीच आढळत नाही.

शेतपंपाची मोटर याहून वेगळी वागते. फिरत्या मोटरीत पुरवठ्याला विरोध करणारे विभवांतर निर्माण होते. व्होल्टेज घसरून वेग मंदावला की हा विरोध दुबळा होतो आणि भार तेवढाच असल्याने मोटर कमी नव्हे, तर अधिक ॲम्पिअर ओढते. तारेतील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे गुंडाळी जळते. त्यामुळे विजेचा दाब कमी असताना स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले (जादा धारा वाहताच मोटर बंद करणारे साधन) वगळून मोटर थेट जोडण्याचा मोह शेतकऱ्यांनी कटाक्षाने टाळावा.