मताला पुरावा लागतो तेव्हा

राजकारण, चित्रपट आणि रोजचे जगणे या तीन विषयांवर मराठी मध्यमवर्गीय माणूस जितक्या सहजपणे मत देतो तितक्या सहजपणे तो क्वचितच दुसऱ्या कशावर देत असेल. मात्र या तिन्ही मतांना तो सारखी प्रतिष्ठा देत नाही. दिल्लीतील घडामोडींविषयी तो जे बोलतो त्याला तो विचार मानतो, नव्या चित्रपटाविषयी जे बोलतो त्याला अभिरुची मानतो, आणि उशिरा आलेली लोकल, सोसायटीचा मेंटेनन्स किंवा नाक्यावरचे पार्किंग याविषयी जे बोलतो त्याला नुसती तक्रार समजून सोडून देतो. ही उतरंड उलटी आहे, असे नवी मुंबईतील जुईनगरसारख्या वसाहतीकडे पाहिले की म्हणावे लागते. कारण ज्या विषयाची माहिती बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्याही हाताशी असते त्याच विषयावरचे मत पारखून पाहता येते, आणि पारखता न येणारे मत कितीही जोरात मांडले तरी ते मांडणाऱ्याच्या स्वभावापलीकडे फारसे काही सांगत नाही.

मताची पारख कशी करावी याचे एक नेमके उत्तर, आश्चर्य वाटेल, पण फौजदारी कायद्यात सापडते. 1860 च्या भारतीय दंड संहितेचे कलम 499 हे अब्रुनुकसानीविषयीचे, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच 356 व्या कलमात आले आहे. या कलमाला दहा अपवाद आहेत, म्हणजे बोलणे कोणाच्या अब्रूला लागले तरी तो गुन्हा ठरणार नाही अशा दहा परिस्थिती. त्यांपैकी तीन येथे महत्त्वाच्या आहेत: लोकसेवकाच्या सरकारी कामातील वर्तनावरचे मत, कोणत्याही व्यक्तीच्या सार्वजनिक प्रश्नासंबंधीच्या वर्तनावरचे मत आणि लोकांच्या निर्णयासाठी पुढे ठेवलेल्या कलाकृतीवरचे मत. पुस्तक प्रसिद्ध करणारा, भाषण करणारा, रंगमंचावर उभा राहणारा नट किंवा गायक हे सर्व आपली कृती लोकांच्या निवाड्यापुढे ठेवतात, असे कायदा मानतो. राजकारण आणि कला या दोन्ही विषयांवर बोलण्याची मुभा अशा रीतीने एकाच कलमात शेजारी शेजारी ठेवलेली आहे.

या तिघांतील शेवटच्या, कलाकृतीविषयीच्या अपवादाला जोडलेले उदाहरण तर प्रत्येक समीक्षकाने वाचावे असे आहे. एखाद्याचे पुस्तक मूर्खपणाचे आहे, त्याअर्थी लेखक दुर्बल बुद्धीचा असला पाहिजे, असे कोणी सद्भावनेने म्हटले तर त्याला संरक्षण मिळते, कारण लेखकाविषयीचा निष्कर्ष पुस्तकातून काढलेला आहे. पण लेखक मुळातच दुर्बल आणि दुराचारी असल्यामुळे त्याचे पुस्तक असे निघाले यात नवल नाही, असे म्हटले तर ते संरक्षण जाते, कारण या मताचा आधार पुस्तकात नाही. कृतीकडून माणसाकडे जाणारी वाट कायद्याने मोकळी ठेवली आणि माणसाकडून कृतीकडे येणारी बंद केली. शिवाय ‘सद्भावना’ या संज्ञेचाही कायद्यातील अर्थ निर्मळ मन असा नाही. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेने केली असे मानता येत नाही, अशी तिची व्याख्या आहे. म्हणजे मत देणाऱ्याचे मन किती शुद्ध होते याआधी त्याने किती पाहिले, वाचले आणि तपासले हे विचारले जाते. दिग्दर्शकाची जात, पक्ष किंवा आडनाव पाहून चित्रपटाचा निकाल लावण्याची जी पद्धत अलीकडे बोकाळली आहे ती या कसोटीवर पहिल्याच पायरीला घसरते.

मराठी गद्याची परंपरा रोजच्या जगण्यावरील मताला कमी लेखणारी नव्हती. गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने 1848 ते 1850 या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात जी 108 पत्रे लिहिली, आणि जी पुढे ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली, त्यांत इंग्रजी राज्याची मीमांसा आणि लग्न, भिक्षुकी, आळस यांसारखे घरगुती विषय एकाच पंगतीला बसतात. 1888 मध्ये ‘सुधारक’ सुरू करणारे गोपाळ गणेश आगरकर राज्यव्यवस्थेवर लिहिणाऱ्या लेखणीनेच स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत, असे सांगणारा निबंध लिहीत, आणि अंगावरच्या कपड्याविषयीच्या त्या मताने समाज जितका चिडला तितका तो तात्त्विक चर्चेने चिडत नसे. आचार्य अत्र्यांनी तर तिन्ही प्रांत एका माणसात एकत्र आणले: 1953 चा त्यांचा ‘श्यामची आई’ राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला आणि 1956 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या रणधुमाळीत त्यांनी दैनिक ‘मराठा’ काढला. मात्र अत्र्यांची लेखणी अनेकदा त्या दुसऱ्या, बंद वाटेने जाई. वाचकांना ते आवडे, आणि मराठी वादविवादाला लागलेली व्यक्तीवर घसरण्याची सवय काही अंशी त्या आवडीचेच फळ आहे.

चित्रपट आणि राजकारण यांची सरमिसळ किती दाट असते हे 2015 च्या वसंतात महाराष्ट्राने पाहिले. त्या वर्षी 24 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 66अ रद्द केले. संगणकावरून किंवा मोबाइलवरून पाठवलेल्या ‘त्रासदायक’ मजकुरासाठी तुरुंगवासाची तरतूद करणारे हे कलम देशाच्या चर्चेत आले होते ते नोव्हेंबर 2012 मधील पालघरच्या घटनेमुळे. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत जो बंद झाला त्याविषयी एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले, दुसरीने ते पसंत केले आणि दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, म्हणजे जुईनगर आहे त्याच जिल्ह्यात. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या न्यायालयाने वेगळ्या केल्या आणि पहिल्या दोन, कोणाला कितीही अप्रिय वाटल्या तरी, घटनेच्या अनुच्छेद 19 ने संरक्षित आहेत, असा निर्वाळा दिला. त्याच दिवशी जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला तो चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’, ज्यात एका वृद्ध लोकशाहिरावर त्याच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने जीव दिला, असा खटला चालतो.

दोनच आठवड्यांनी तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना प्राइम टाइम, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीची वेळ, देण्याची सक्ती जाहीर केली. लेखिका शोभा डे यांनी ट्विटरवर तिची खिल्ली उडवली, शिवसैनिक वडापाव आणि मिसळ घेऊन त्यांच्या घराशी पोहोचले आणि आमदार प्रताप सरनाईक यांनी विधानसभेत हक्कभंगाची सूचना दिली, जिच्यावरील कारवाईला सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली. या सगळ्या गदारोळात खरा प्रश्न, म्हणजे उपनगरातून कामावर जाणारा प्रेक्षक किती वाजता घरी पोहोचतो आणि त्याला कोणत्या वेळेचा खेळ परवडतो, जवळजवळ कोणीच विचारला नाही. तो प्रश्न रोजच्या जगण्याचा होता, म्हणून त्याला प्रतिष्ठा नव्हती.

जुईनगरच्या प्रेक्षकाला मात्र त्याचे उत्तर ठाऊक असते, कारण त्याची संध्याकाळ रेल्वेच्या वेळापत्रकाने आखलेली असते. हार्बर मार्गावर सानपाडा आणि नेरूळ यांच्यामध्ये असलेले हे स्थानक ठाण्याहून तुर्भेमार्गे येणारी ट्रान्स-हार्बर वाहिनीही सांभाळते. नवी मुंबईतील रेल्वेचा सुमारे दोन-तृतीयांश खर्च सिडकोने, म्हणजे 17 मार्च 1970 रोजी स्थापन झालेल्या शहर विकास महामंडळाने, उचलला आणि त्याच्या वसुलीसाठी तिकिटावर अधिभार बसवण्यात आला. साध्या तिकिटावरील काही रुपयांमागे शहर कोणाच्या पैशाने वसवायचे हा पूर्ण राजकीय प्रश्न दडलेला होता. घराचेही तसेच. सिडकोने भूखंड साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले, त्यामुळे सदनिका विकत घेणाऱ्याला आपली जमीन नेमकी कोणाची हे हस्तांतर शुल्क भरताना कळते. नोव्हेंबर 2017 मध्ये जुईनगरातील एका बँकेच्या लॉकरपर्यंत चोरट्यांनी शेजारच्या भाड्याच्या गाळ्यातून भुयार खणले, तेव्हा देशाच्या सीमांच्या सुरक्षेवर रोज बोलणाऱ्या परिसराला गाळा कोणाला भाड्याने दिला जातो आणि ते कोण तपासतो, हा प्रश्न प्रथमच गंभीर वाटला असावा.

या रोजच्या प्रश्नांखाली आणखी एक थर आहे आणि तो जुईनगरच्या सेक्टरांना लागून असलेल्या शिरवणे गावात दिसतो. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील 95 गावांची जमीन नवी मुंबईसाठी संपादित झाली. प्रामुख्याने आगरी-कोळी समाजाच्या या प्रकल्पग्रस्तांचे नेतृत्व शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांनी केले, आणि जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तान फाटा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेल्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आकाराला आले. 2021 च्या जूनमध्ये नवी मुंबई विमानतळाच्या नावावरून याच गावांनी मानवी साखळी धरली आणि पाटील यांच्या स्मृतिदिनी, 24 जूनला, सिडको भवनावर मोर्चा नेला. पुढे 2022 मध्ये आधी ठाकरे आणि मग शिंदे मंत्रिमंडळाने त्यांच्या नावाचा ठराव केला. सेक्टरात राहणाऱ्या अनेकांना हा वाद अस्मितेचा वाटला. वास्तविक ते जमिनीच्या हिशेबाविषयीचे, पिढ्यांच्या अनुभवावर उभे असलेले मत होते, आणि ते पारखण्यासाठी लागणारा सगळा पुरावा सेक्टरवासीयांच्या इमारतीखालच्या सातबाऱ्यातच होता.

असे मत पोहोचवायचे कुठे, हा प्रश्न नवी मुंबईत बराच काळ अनुत्तरित राहिला. 1 जानेवारी 1992 रोजी अस्तित्वात आलेल्या महापालिकेची 2015 नंतरची निवडणूक 2020 मध्ये व्हायची होती; करोनाच्या साथीने ती लांबली, मग प्रभागरचना आणि आरक्षणाच्या खटल्यांत अडकली, आणि पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या, म्हणजे शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, हाती राहिला. अखेर 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले, तेही बहुसदस्यीय पद्धतीने, ज्यात बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक असतात आणि गटाराचे झाकण कोणाच्या नावावर मांडायचे हे मतदाराला ठरवता येत नाही. नगरसेवकाविना गेलेल्या त्या वर्षांत देशाच्या राजकारणावरील चर्चा थंडावली नाही. पण प्रभागातील कामाविषयी विचारायला समोर माणूसच नाही, ही बाब तिच्या वाट्याला फारशी आली नाही. दूरच्या विषयावर भांडणे सोयीचे असते, कारण तेथे कोणी उलट कागद पुढे करत नाही.

कागद पुढे करता येईल अशी एक जागा मात्र प्रत्येक इमारतीत आहे. गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत घेणे कायद्याने बंधनकारक आहे, तिची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार प्रत्येक सभासदाला शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही आणि सर्वसाधारण तसेच समितीच्या सभांची इतिवृत्ते संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहता येतात.